उभं वाचन आणि आडवं वाचन: ‘तपासलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

आठवी-नववीच्या मुलांना इंटरनेटवरची माहिती तपासायला सांगितली की बहुतेक जण पान वरपासून खालपर्यंत वाचतात. ‘आमच्याविषयी’ उघडतात, फोटो बघतात, शुद्धलेखन बरं दिसलं की ‘सर, पान चांगलं आहे’ म्हणून मोकळे होतात. हे उभं वाचन. पानावर काय म्हटलंय ते कळायला ते लागतंच. पण लिहिणाऱ्याचं ऐकायचं का, हे ठरवायला ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये जावं लागतं आणि त्याच्याबद्दल इतर काय सांगतात ते बघावं लागतं. ते आडवं वाचन. शाळेत पहिलं शिकवून दुसरं शिकवल्याचं समाधान मानलं जातं, गोंधळ तिथेच आहे.

हुशारीनेही ही उणीव भरून निघत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी 10 इतिहासतज्ज्ञ, 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि 25 विद्यार्थ्यांना वेबसाइट पारखायला दिल्या. संस्थेचं भारदस्त नाव आणि नीटनेटका लोगो बघून इतिहासतज्ज्ञही फसले. तपासनीस पानावर फारसे थांबलेच नाहीत. ते लगेच बाहेर पडले आणि कमी वेळात बरोबर निष्कर्षावर आले.

वर्गात उदाहरण घरचं घ्यावं. जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलच्या मुलांना केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजे शेतकऱ्यांचा हरण्या रोग, सांगावा लागत नाही. समजा एका पानावर दावा आहे: ‘एकच फवारणी, हरण्या मुळासकट गायब.’ पानावर हिरव्यागार बागेचे फोटो आहेत, शेतकऱ्यांचे अनुभव आहेत, खाली फोन नंबर आहे. उभं वाचणाऱ्याला यात खोट सापडणार नाही, कारण प्रत्येक ओळ विकणाऱ्यानेच लिहिलेली आहे. आडवं वाचणारा नवा टॅब उघडून ‘कुकुंबर मोझॅक व्हायरस केळी’ शोधतो. ‘हरण्यावर रामबाण औषध’ असं टाकलं तर तेच विकणारी पानं वर येतात, म्हणून शोधशब्दात उत्तर घालायचं नाही हे आधी बजावावं. मग शोधशब्दांपुढे एक जागा सोडून इंग्रजीत ‘साइट’, लगेच अपूर्णविरामाची दोन टिंबं आणि त्यांना चिकटून ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एसी डॉट इन’ टाकावं, म्हणजे निकालात फक्त सरकारी किंवा शिक्षणसंस्थांची पानं उरतात. टिंबांनंतर जागा सुटली तर ही गाळणी चालत नाही, आणि मुलं हमखास तिथेच चुकतात. कृषी विद्यापीठ, केळी संशोधन केंद्र यांचा सल्ला सारखाच निघतो: विषाणू बरा करणारं औषध नाही, रोगट झाड मुळासकट काढून नष्ट करा, हा विषाणू पसरवणारी मावा कीड आटोक्यात ठेवा, बागेत नि आसपास काकडी-भोपळ्याची वेलवर्गीय पिकं घेऊ नका. पानाचा निकाल इथेच लागला.

‘डॉट ऑर्ग म्हणजे विश्वासार्ह’ हे अजून शिकवलं जातं, ते सोडावं. डॉट ऑर्ग कुणालाही विकत मिळतं. जीओव्ही डॉट इन सरकारी कार्यालयांना आणि एसी डॉट इन शिक्षणसंस्थांनाच मिळतं.

आणखी एक फसगत: ‘पाच साइटवर हेच आहे.’ त्यातलं एखादं लांब वाक्य दुहेरी अवतरणात टाकून शोधावं. पाचही ठिकाणी शब्दन् शब्द तोच निघाला तर ते पाच साक्षीदार धरायचे नाहीत, एकच.

मग उभं वाचन कधी? स्रोत भरवशाचा ठरल्यावर, आणि तेव्हा मात्र डोळ्यात तेल घालून. कीटकनाशकाचं प्रमाण 10 लिटर पाण्याला आहे की हेक्टरी, ते बघायला हवं. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरी मात्रा एकरी म्हणून उतरवली तर अडीचपट औषध पडतं. सल्ल्याची तारीख, पीक, अवस्था हेही इथेच बघायचं. क्रम उलटा झाला की निम्मा तास भंपक पान बारकाईने वाचण्यात जातो.

मोबाइलवर वेगळीच अडचण. फेसबुकसारख्या ॲपमधली लिंक कधी कधी त्या ॲपच्याच खिडकीत उघडते आणि तिथे दुसरा टॅब नसतो. तीन टिंबांच्या मेनूतून ती आधी ब्राउझरमध्ये उघडायला लावावी. शाळेत लाइट किंवा नेटचा भरवसा नसेल तर पानाच्या प्रिंटसोबत त्याबद्दलच्या शोधनिकालांचा स्क्रीनशॉटही आदल्या दिवशी काढून ठेवावा. नुसतं पान छापलं तर मुलांना उभं वाचण्याखेरीज काही करताच येत नाही.

गुण देताना ‘पान खरं की खोटं’ याला कमी द्यावेत. मूल पानाबाहेर कुठे गेलं, काय शब्द टाकून शोधलं आणि निकालांतला कोणता दुवा का निवडला, याला जास्त. पहिलाच दुवा उघडला असेल तर कारण विचारावं. ‘वर होता म्हणून’ या उत्तराला शून्य.