दिव्यांगांच्या संस्थेची नोंदणी, तपासणी आणि ‘कारणे दाखवा’ नोटीस: कायदा काय सांगतो, कागद कोणते लागतात

विशेष शाळा, कार्यशाळा, वसतिगृह किंवा दिवसभराचे उपचार केंद्र चालवत असाल, तर धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदणी केली, तेवढ्याने भागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५० प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याचे नोंदणी प्रमाणपत्र नसताना अशी संस्था काढता किंवा चालवता येत नाही. ‘आम्ही अनुदान घेत नाही, मग आम्हाला कशाला?’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. सूट आहे ती केंद्र किंवा राज्य सरकारच्या स्वतःच्या संस्थांना आणि मानसिक आरोग्य कायद्याखालचा वैध परवाना असलेल्या संस्थांना.

महाराष्ट्रात हा विषय पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचा. फाइल जिल्ह्याच्या कार्यालयातून वर जाते. अर्ज मिळाल्यापासून ९० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचे किंवा लेखी आदेशाने नाकारायचे, असे कलम ५१ सांगते. नाकारण्याआधी म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. त्यामुळे अर्जाची तारखेसह पोच घ्या, नाहीतर हे ९० दिवस मोजायचे कुठून? नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी गेला पाहिजे. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचे असते. ते कपाटात सापडले, तर तपासणीची पहिली त्रुटी तीच.

कागद

न्यासाचे नोंदणीपत्र आणि घटना, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, जागेचा मालकीचा किंवा भाड्याचा पुरावा, इमारत आणि अग्निसुरक्षेचे दाखले, कर्मचाऱ्यांची यादी, लाभार्थ्यांची यादी असे कागद साधारणपणे मागितले जातात. यात दोन ठिकाणी गाडी हमखास अडते.

पहिले, विश्वस्त. एखादे विश्वस्त वारले, दुसऱ्यांनी राजीनामा दिला, नवे आले, पण हे बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज दाखलच केलेला नसतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार तो ९० दिवसांत करायचा असतो. तो राहिला की अर्जावर सही करणाऱ्या सचिवांचे नाव परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर) दिसत नाही, आणि चांगले काम करणारी संस्था कागदावर निर्नायकी ठरते.

दुसरे, शिक्षक आणि थेरपिस्ट. विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडची (या व्यावसायिकांची नोंदणी ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडची) नोंदणी चालू हवी. पदविका आहे पण नोंदणीचे नूतनीकरण झालेले नाही, अशी प्रकरणे फार. १९९२ च्या परिषद कायद्यात नोंदणीशिवाय व्यवसाय करण्यालाच कैद किंवा दंड, किंवा दोन्ही आहे. म्हणजे ही नुसती संस्थेची त्रुटी नाही, त्या शिक्षकाचीही जोखीम आहे.

तपासणी

तपासणी अधिकारी येणार कळले की भिंती रंगवल्या जातात, मुलांना नवे गणवेश येतात. अनुभवी अधिकारी भिंतीकडे पाहत नाही. तो हजेरीपट, भोजनाची नोंदवही आणि किराण्याची बिले शेजारी शेजारी ठेवतो. हजेरीत ३८ मुले, जेवणात ४५, आणि दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) असलेली २९, हे आकडे जुळत नसतील तर पुढचे सगळे संशयाने वाचले जाते. मुले दिवाळीत घरी गेली तर हजेरीत तसे दिसू द्या. रिकामा रकाना खोट्या सहीपेक्षा केव्हाही बरा.

नोटीस आली तर

प्रमाणपत्र रद्द करण्याची कारणे कलम ५२ मध्ये दोन: अर्जात महत्त्वाच्या बाबतीत चुकीची किंवा खोटी माहिती, किंवा नियमांचा नाहीतर नोंदणीच्या अटींचा भंग. रद्द करण्याआधी चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. म्हणून नोटीस हातात पडताच राजकीय ओळखी शोधत बसू नका, मुदत वाचा. खुलासा मुद्देनिहाय द्या: त्रुटी मान्य आहे की नाही, मान्य असेल तर काय दुरुस्त केले, पुरावा कुठल्या पानावर, राहिलेले कधीपर्यंत आणि कोण करणार. ‘सर्व आरोप निराधार आहेत’ या एका वाक्याच्या खुलाशाने आजवर कुणाचे भले झालेले पाहिले नाही. जे खरेच चुकले ते मान्य केले, तर जे चुकलेले नाही त्यावरचे म्हणणे ऐकले जाते. प्रत्यक्ष सुनावणी हवी असल्यास खुलाशातच लेखी मागा.

रद्द झालेच तर कलम ५३ खाली अपील आहे. अपिलाची तरतूद असताना संस्था त्याच दिवशी बंद होत नाही. अपील केले नाही, तर त्याची मुदत संपताच. केले आणि आदेश कायम राहिला, तर अपिलाच्या आदेशाच्या तारखेपासून ती बंद करावी लागते. निवासी मुलांना पालकांकडे किंवा दुसऱ्या संस्थेत पाठवण्याचे आदेश प्राधिकारी देऊ शकतो. तेव्हा पालकांना नोटिशीची कल्पना आधीच द्या. वर्तमानपत्रातून कळले की ते तुमच्या बाजूने उभे राहत नाहीत.

कायद्याच्या भंगाला कलम ८९ खाली पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड, त्यापुढे ५०,००० ते ५ लाख. मागितलेली माहिती देण्याची कायदेशीर जबाबदारी असून ती दिली नाही, तर कलम ९३ खाली प्रत्येक वेळी २५,००० रुपयांपर्यंत, आणि टाळाटाळ चालूच राहिल्यास रोजचा दंड वेगळा.

मारहाण, उपासमार किंवा लैंगिक अत्याचार यांना मात्र ‘त्रुटी’ म्हणू नका. तिथे त्रुटी दुरुस्त केल्याचा अनुपालन अहवाल चालत नाही. लैंगिक अत्याचारातले पीडित मूल १८ वर्षांखालील असेल तर पॉक्सोच्या (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेची आधी अंतर्गत चौकशी होऊ द्या, असे म्हणायला जागा नाही.

पैशाचा हिशेब

न्यासाचे वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर लेखापरीक्षण सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. केंद्राचे अनुदान असल्यास वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) नमुना १२-अ मध्ये द्यायचे. बँकेत पडून राहिलेल्या अनुदानावरचे व्याज संस्थेचे नसते, ते सरकारला परत करावे लागते. लेखापरीक्षकाचा आक्षेप इथे हमखास येतो. अनुदानातून घेतलेली व्हॅन किंवा श्रवणयंत्रे मंजुरी देणाऱ्या खात्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. जुनी व्हॅन भंगारात काढायची असेल तरी आधी पत्र पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत ती आवारातच उभी ठेवा.