म्हशीच्या मानेवरचे चार मिलिमीटर

संध्याकाळ कलली की गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी कासेवर पाण्याचा हात फिरवतो, पान्हा सुटला की थेट ग्लासातच धार सोडतो. वर चार बोटं फेस चढतो आणि समोरचा माणूस तो ग्लास उभ्याउभ्याच रिकामा करतो. आपला दूध कट्टा. बाहेरगावचे पाहुणे फोटो काढत बसतात, कोल्हापूरकराला त्यात नवल वाटत नाही. तालमीतली पोरं येतात, जेवण उरकून फिरायला निघालेली कुटुंबं येतात. दुधात पाण्याचा थेंब नाही याची खात्री डोळ्यांदेखत मिळते, आणि या शहरात त्या खात्रीला मोल आहे. मीही वडिलांचं बोट धरून तिथं दूध प्यायलो आहे. म्हणूनच हा प्रश्न मला परका नाही: पाणी नाही हे डोळ्यांना दिसतं, पण म्हशीला क्षय नाही हे कशानं कळणार?

कट्ट्यावरच्या म्हशी आजारी आहेत असं मी म्हणत नाही. उलट गवळी जनावराला जीव लावतात, दिवाळीत शिंगं रंगवून मिरवणुकीनं नेतात, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. अडचण या रोगाची आहे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा गाई-बैलांच्या अंगावर उठलेल्या गाठी लांबूनही दिसत होत्या. क्षय तसा दिसत नाही. बाधा झालेलं जनावर महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षं, वैरण खातं, रवंथ करतं, गाभण राहतं, भरपूर दूधही देतं. खंगणं, ढासणं हे फार उशिरा येतं, आणि तोवर शेजारच्या दावणीपर्यंत रोग पोचलेला असतो.

जनावरांच्या क्षयाचा जंतू म्हणजे प्रामुख्यानं मायकोबॅक्टेरियम बोव्हिस. माणसाच्या क्षयजंतूचा हा सख्खा भाऊ. भारतातल्या जनावरांत ओरिजिस नावाचा याच कुळातला आणखी एक जंतूही सापडला आहे, आणि तो माणसांतही आढळला आहे. बाधित जनावराच्या प्रत्येक थेंबात जंतू असतात असं मुळीच नाही. रोग कासेपर्यंत गेला तरच ते दुधात उतरतात आणि असं थोड्याच जनावरांत होतं. पण उतरले आणि दूध कच्चं प्यालं, तर ते छातीपेक्षा पोटात किंवा मानेच्या गाठींत घर करतात. जुनी माणसं ज्याला गंडमाळ म्हणत, तिच्यामागं अनेकदा हेच असे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १ लाख ४० हजार लोकांना जनावरांकडून आलेला क्षय झाला. यात एक मोठी मेख आहे. क्षयावर नेहमी देतात त्या औषधांपैकी पायराझिनामाइड हे बोव्हिसवर मुळातच चालत नाही. आणि थुंकीची तपासणी करणारं जीनएक्सपर्ट यंत्र क्षय आहे एवढं सांगतं; तो माणसाकडून आला की म्हशीकडून, हे ते सांगू शकत नाही.

तर मग जनावरातच तो आधी कसा पकडायचा? करवीर तालुक्यातल्या एका गोठ्यात त्यासाठीची चाचणी मी अगदी जवळून पाहिली. गोठा चौदा जनावरांचा. मालकांना सगळे अण्णा म्हणतात.

"डॉक्टर, म्हस ठणठणीत हाय की. दोन्ही वेळचं मिळून अकरा लिटर देती," अण्णा म्हणाले.

"म्हणूनच बघायचंय, अण्णा. आजारी दिसली असती तर सुई कशाला आणली असती?"

डॉक्टरांनी म्हशीच्या मानेवर वर-खाली दोन ठिकाणी, तळहाताएवढ्या जागेतले केस कात्रीनं कापून काढले. कातडीची घडी चिमटीत धरली आणि कॅलिपर लावून जाडी मोजली. आकडे वहीत गेले. मग बर्फाच्या डब्यातून दोन कुप्या निघाल्या. प्रत्येकीतलं फक्त ०.१ मिलिलिटर द्रव कातडीच्या खाली नव्हे, तर कातडीच्या थरांच्या मधोमध सोडायचा. तो नेमका गेला की बोटाला वाटाण्याएवढी गुठळी लागते. डॉक्टर दर वेळी बोट फिरवून ती गुठळी चाचपत होते. ती लागली नाही तर सुई चुकली, आणि तीन दिवसांनी येणारा आकडाही फुकट. सगळं करून त्यांनी अण्णांना सांगितलं, "बहात्तर तासांनी येतो. तोवर मान घासू देऊ नका."

त्या कुपीतल्या द्रवाचं नाव ट्युबरक्युलिन. त्याची कथा अपयशातून सुरू होते. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं, तेव्हा जग त्याच्यापुढं नतमस्तक झालं. १८९० मध्ये त्यानं जंतूंच्या अर्कापासून औषध काढल्याचं सांगितलं आणि रुग्ण धावत सुटले. औषध साफ फसलं. पण एक गोष्ट लक्षात आली: क्षय असलेल्यांना तो अर्क टोचला की शरीर खवळून उठतं, निरोगी माणसाला काही होत नाही. बरं करायला निघालेली वस्तू ओळखायच्या कामाची निघाली. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांगनं मग ती गोठ्यात नेली आणि बाधित व निरोगी गाई वेगळ्या काढायला सुरुवात केली. भारतात १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली होती. ती पुढं हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि १८९७ मध्ये स्वतः कॉख तिथं येऊन गेला. आज तीच संस्था भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

ही चाचणी जंतू शोधत नाही. ती शरीराची आठवण तपासते. क्षयजंतूशी एकदा गाठ पडली की काही पांढऱ्या पेशी त्याची ओळख जपून ठेवतात. कातडीत त्याच जंतूची प्रथिनं दिसली की त्या जमतात, बाकीच्यांना बोलावतात आणि दोन-तीन दिवसांत तिथं घट्ट सूज येते. एकच अर्क टोचला असेल, तर सूज ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढली की जनावर बाधित धरतात.

पण मग जंतूच का शोधत नाहीत? शोधतात, पण तो फार हळू वाढतो. पोटातला ई. कोलाय हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयजंतूला त्यासाठी सोळा ते वीस तास लागतात. प्रयोगशाळेच्या बाटलीत त्याची वसाहत डोळ्यांना दिसायला सहा-आठ आठवडे जातात. शिवाय नमुना घ्यायचा कुठून? म्हैस काही डबीत थुंकत नाही.

आणि रक्तातल्या प्रतिपिंडांवरून, म्हणजे अँटीबॉडींवरून, ओळखावं, तर क्षय तिथंही दाद देत नाही. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, ओळखणं त्या मानानं किती सोपं! रक्तजलाचा एक थेंब, गुलाबी रंगाच्या मृत जंतूंचा एक थेंब, काडीनं ढवळायचं आणि चार मिनिटं वाट बघायची. गुलाबी कण गोळा होऊन रवाळ दिसले की समजायचं. दुधावरचीही एक चाचणी आहे, तिच्यात साईच्या थराला निळसर कडं धरतं. क्षयजंतू मात्र ज्या पेशी त्याला गिळतात त्यांच्याच पोटात लपून राहतो. त्यामुळे प्रतिपिंडं उशिरा तयार होतात, रोग बळावल्यावर. म्हणून शंभराहून जास्त वर्षं उलटली तरी गोठ्यातला कॅलिपर सुटलेला नाही.

दोन कुप्या का, हे अण्णांनी विचारलंच. माती-पाण्यात क्षयजंतूचे कितीतरी निरुपद्रवी चुलतभाऊ असतात. शिवाय जनावरांना हगवण लावून वाळवणारा जोन्स रोग आहे, त्याचा जंतूही याच घराण्यातला. त्यांच्यामुळंही थोडी सूज येऊ शकते. म्हणून एका जागी बोव्हिसचा अर्क, दुसऱ्या जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूचा. पहिल्या जागची सूज दुसरीपेक्षा ठळकपणे जास्त असेल तरच संशय पक्का.

इतकं करूनही चूक होते. रोग शेवटाला गेलेलं जनावर थकून जातं आणि सूज येतच नाही. नुकतीच व्यालेली म्हैसही फसवू शकते. हिशेब समजण्यासाठी धरून चालू की एक हजार जनावरांत सत्तर बाधित आहेत आणि चाचणी शंभरातली ऐंशी ओळखते. छप्पन्न सापडली, चौदा सुटली. निरोगी नऊशे तीसमधल्या एक टक्क्याला चुकून सूज आली, तर नऊ निर्दोष जनावरांवर शिक्का बसला. सुटलेली चौदा रोग पसरवत राहतात आणि शिक्का बसलेल्या नवांचे मालक नाहक पोळतात. सत्तर हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आधीच्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतातल्या जनावरांत बाधेचं प्रमाण सुमारे ७.३ टक्के आणि बाधित जनावरं अंदाजे २ कोटी १८ लाख असावीत असं म्हटलं आहे.

ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या अखेरीला यावर एक तोड निघाली. सूज कातडीवर बघण्याऐवजी नळीत बघायची. ताजं रक्त घेऊन त्याच्या वाटण्या करायच्या, त्यांत तीच प्रथिनं घालून रात्रभर उबेत ठेवायचं. आठवण असलेल्या पेशी गॅमा इंटरफेरॉन नावाचा रेणू सोडतात, सकाळी तो मोजायचा. गोठ्यात दुसरी खेप लागत नाही. पण पेशी जिवंत हव्यात, म्हणजे रक्त त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या दारात हवं. पन्हाळ्यामागच्या वाडीतून पुण्याला औंधपर्यंत उन्हाळ्यात नळी नेऊन बघा, मग अडचण कळेल.

माझ्या मते खरी गाठ मात्र चाचणीनंतर बसते. अमेरिकेनं १९१७ पासून बाधित जनावरं शोधून मारली आणि मालकांना भरपाई दिली. आपल्याकडं गाय मारता येत नाही, मारावी असंही कुणाला वाटत नाही. मग डॉक्टर 'बाधित' म्हणून निघून गेले की शेतकऱ्यानं काय करायचं? वेगळा गोठा बांधायला जागा नाही, भरपाई नाही. तो गुपचूप जनावराला बाजार दाखवतो आणि रोग दुसऱ्या गावी जातो. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. ज्या चाचणीनंतर हाती काहीच पडत नाही, ती कोण करून घेईल?

म्हणून सध्याचं सगळ्यात मोलाचं संशोधन लस आणि चाचणी यांची जोडी जमवण्याचं आहे. आपल्या बाळांना देतात ती बीसीजी लस मुळात गाईच्या जंतूपासूनच बनली. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बोव्हिसला १९०८ पासून तेरा वर्षं, २३० वेळा, एका बाटलीतून दुसरीत वाढवलं, तेव्हा त्याचं विष उतरलं. ती वासरांनाही देता येते. पण लस दिलेलं जनावर ट्युबरक्युलिनला सूज दाखवतं, कारण प्रथिनं तीच. मग बाधित कोण आणि लस घेतलेलं कोण? उत्तर त्या तेरा वर्षांत दडलेलं होतं. त्या प्रवासात जंतूच्या जनुकांचा एक तुकडा गळून पडला होता. इसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं त्याच तुकड्यावरची. लसीत ती नाहीत, खऱ्या रोगजंतूत आहेत. मग टोचायला तीच घेतली की सूज फक्त खऱ्या बाधेला येते. ही चाचणी घडवण्यात भारतीय प्रयोगशाळांचाही हात आहे. जनावर न मारता रोग आटोक्यात आणायचा असेल तर आपल्याला यापेक्षा सरळ वाट मला दिसत नाही.

उलटी वाटही विसरू नये. धार काढणाऱ्या माणसालाच क्षय असेल, तर तो खोकताना जनावराला रोग देऊ शकतो; माणसाचा क्षयजंतू भारतातल्या जनावरांत सापडलेला आहे. गोठ्यात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी फुकट होते.

बहात्तर तासांनी डॉक्टर आले. तेरा जनावरांच्या मानेवर काही नव्हतं. अकरा लिटरवाल्या म्हशीपाशी ते थांबले. बोटानं चाचपलं, कॅलिपर लावला, पुन्हा लावला. पक्ष्यांच्या अर्काची जागा एक मिलिमीटर वाढली होती, बोव्हिसची चार. फरक तीन.

"हाय का नाय, ते सांगा," अण्णा म्हणाले.

"आज सांगता येत नाही. फरक चाराच्या वर हवा. लगेच टोचून उपयोग नाही, शरीराला मध्ये किमान बेचाळीस दिवस द्यायला लागतात. तोवर हिला त्या कोपऱ्यात बांधा. पाण्याची बादली वेगळी."

"आणि दूध?"

"संघाकडं जातंय ते तिथं तापवलंच जातं. घरचं?"

अण्णा जरा गप्प झाले. "बारक्या नातवाला मी रोज धारंवरचंच देतो."

डॉक्टरांनी वहीत पुढची तारीख लिहिली. अण्णांनी दावं सोडून म्हशीला कोपऱ्यातल्या खुंट्याला नेलं, तिच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला, आणि सकाळच्या धारेची भरलेली चरवी उचलून आतल्या दाराशी ठेवली. "सूनबाई, हे दूध चांगलं उकळी फुटस्तवर तापवा. आन् पोराला तेच द्या."