किशोरवयीन मुलींची स्त्रीरोग तपासणी

साधारण १० ते १९ वयाच्या मुलींच्या पाळीच्या, ओटीपोटाच्या, अंगावरून पांढरं जाण्याच्या वगैरे तक्रारींसाठी होणारी तपासणी आणि उपचार. आपल्याकडे बिनलग्नाच्या मुलीला गायनॅककडे नेलं की शेजारीपाजारी लगेच कान टवकारतात, त्यामुळे कित्येक घरांत तिकडे कोणी फिरकतच नाही, आणि मुलीला स्वतःला भीती असते ती आतून तपासतील याची. खरंतर या वयात आतून तपासणी सहसा करतच नाहीत. विचारपूस, पोट बाहेरून बघणं, गरज पडली तर हिमोग्लोबिन, थायरॉइड अशा रक्ताच्या टेस्ट, आणि सोनोग्राफी तीही पोटावरूनच, भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून बसायचं ती.

खरं काम विचारपुशीतच होतं. ‘शेवटची पाळी कधी आली’ विचारलं की मुलगी आईकडे बघते आणि उत्तर आईच देते, म्हणून मुरलेले डॉक्टर आईला काहीतरी निमित्त काढून पाच मिनिटं बाहेर बसवतात, मग मुलगी बोलायला लागते.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होणारच, कारण मेंदू आणि बीजांडकोश यांचा मेळ अजून नीट बसलेला नसतो आणि दर महिन्याला बीज बाहेर पडतंच असं नाही. या काळात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. पीसीओडीचं (हार्मोन्सच्या गडबडीने पाळी अनियमित होण्याचा, बीजांडकोशाशी जोडलेला आजार) लेबल मात्र फार पटकन चिकटवलं जातं. पाळी सुरू होऊन ८ वर्षं व्हायच्या आत नुसत्या सोनोग्राफीवरून हे निदान करू नये असं आंतरराष्ट्रीय गाइडलाइन सांगते, तरी रिपोर्टात तो शब्द दिसला की घरात आत्तापासूनच पुढे मूल होईल का याची चर्चा!

दुखण्याचं म्हणाल तर प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनामुळे गर्भाशय आवळतं म्हणून कळा येतात, त्यावर डॉक्टरांना विचारून मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी गोळी जेवणानंतर घेतली तर काही बिघडत नाही, ‘आम्ही नाही का सहन केलं’ हे काही औषध नव्हे. पण १५ पूर्ण होऊनही पाळी नाही, किंवा १३ झाली तरी छातीची वाढच सुरू नाही, तर दाखवायचंच. पाळी आलेली नाही आणि दर महिन्याला पोटात मात्र दुखतंय, असं असेल तर कधीकधी योनिमुखावरचा पडदा पूर्ण बंद असतो, रक्त आतच साठत राहतं, छोट्या ऑपरेशनने सुटतं. सुरुवातीपासूनच तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल तर रक्त न गोठण्याचा आजार (फॉन विलेब्रँड) आहे का बघतात. एका बाजूला अचानक असह्य दुखून उलट्या झाल्या तर बीजांडकोशाला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा सकाळची वाट बघायची नाही.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीवरची लस याच वयातली, ९ ते १४ मध्ये दिली तर उत्तम. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून मिळते.

सरकारी बाजूला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, शाळेतली आठवड्याची निळी लोहगोळी त्यातलीच. महाराष्ट्रात या कार्यक्रमाच्या क्लिनिकला ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात, तिथे समुपदेशक असतो आणि पैसे लागत नाहीत.

सगळ्यात अडचणीचा भाग कायद्याचा. १८ च्या आतली मुलगी गरोदर असेल तर गर्भपाताला पालकांची लेखी संमती लागते, आणि पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) डॉक्टरांना पोलिसांना कळवावंही लागतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर कळवताना तिचं नाव-ओळख देण्याची गरज नाही. हे अजून फारसं कोणाला माहीत नाही, आणि नाव फुटेल या धास्तीने मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरीच घेतल्या जातात, मग रक्तस्राव थांबेना झाला की सिव्हिलला धावपळ.