टकटकटक की एकच टक? बॅटरी आणि सेल्फमधला घोळ

गाडी सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) घेत नाही म्हटलं की आसपासचे चौघं एका सुरात सांगतात, ‘बॅटरी गेली.’ माणूस पाच-सहा हजार मोजून नवी टाकतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी तशीच उभी.

इंजिन गरगर फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ दोघंही निर्दोष आहेत. तिथे इंधन किंवा स्पार्क बघा. सीएनजीवाल्यांनी आधी पेट्रोलचा काटा बघावा, कारण बऱ्याच गाड्या पेट्रोलवरच चालू होतात. आणि ॲक्सिलरेटर फटाफट दाबू नका हो! ती कार्ब्युरेटरच्या जमान्यातली सवय आहे, इंजेक्शनच्या गाडीला तिचा उपयोग नाही.

उतरलेली बॅटरी सगळ्यांच्या ओळखीची. रात्रभर आतला दिवा राहिला, सकाळी सेल्फ कण्हत कण्हत गप्प. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबल लावा, निघा.

माझं डोकं फिरतं ते ‘हेडलाइट लागतायत, म्हणजे बॅटरी चांगली आहे’ या वाक्याने. दोन साध्या हॅलोजन हेडलाइटना मिळून जेमतेम ९-१० अँपिअर लागतात. सेल्फला छोट्या पेट्रोल गाडीतही शंभराच्या वर लागतात, डिझेलला त्याहून बरेच जास्त. त्यामुळे नुसत्या बॅटरीला मीटर लावून १२.६ व्होल्ट दिसले तरी हुरळून जाऊ नका. म्हातारी बॅटरी निवांत असताना तेवढे दाखवते आणि सेल्फ मारताच ८ वर कोसळते. सेल्फ फिरत असताना आकडा साधारण ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरीवर संशय घ्या.

मीटर नसेल तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट लावून सेल्फ मारा आणि कान-डोळे उघडे ठेवा. टकटकटकटक असा मशीनगनसारखा आवाज आला आणि दिवे मलूल झाले, तर करंट पुरत नाही. सॉलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) आत ओढला जातो, भार पडताच व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो. तीच ती टकटक. एकच दणदणीत ‘टक’ आणि दिवे जसेच्या तसे, तर सॉलेनॉइडने काम केलं पण मोटर फिरली नाही. त्याचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. एक ‘टक’ होऊन दिवेही मंदावले तर लगेच निकाल देऊ नका. जाम झालेला सेल्फही भरमसाट करंट ओढतो. काहीच आवाज नाही आणि दिवे लख्ख, तर आधी क्लच पूर्ण दाबलाय का बघा (ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एनमध्ये), मग इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, मग सेल्फचा रिले (चावीच्या इशाऱ्यावर करंट सोडणारा स्विच).

आता माझा हट्ट. काहीही विकत घेण्याआधी बॅटरीचे टर्मिनल (वायरी जोडायची टोकं) साफ करा. मायनस आधी सोडवा, पांढरा-हिरवट थर गरम पाणी आणि खायच्या सोड्याने घासा, कोरडं करून घट्ट आवळा, मायनस शेवटी. टकटक करणारी बॅटरी कधीकधी पूर्ण भरलेली असते, फक्त टर्मिनलवरचा वायरीचा क्लॅम्प हलत असतो. मी स्वतः एकदा जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये देऊन आलो आणि मग कळलं की दोष मायनसच्या क्लॅम्पचा होता.

एवढं करूनही शंका असेल तर धडधाकट गाडीवरून जंप द्या. इंजिन चालू झालं तर बॅटरी. तीच एकटी ‘टक’ आली तर सेल्फ. मग सेल्फच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकताना दुसऱ्याने चावी फिरवावी. चालू झाली तर कार्बन संपत आलेत. तिथून घरी नाही, सरळ ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, आणि अख्खा सेल्फ बदलायच्या आधी कार्बन-बुश बदलून भागतंय का ते विचारा.

बॅटरीच बदलावी लागली, तर इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १२.५ वरच अडकला असेल तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाहीये, आणि नवी बॅटरीही दोन दिवसांत झोपेल.