देवमाशाचं कारंजं पाण्याचं नसतं

मुलांना देवमासा काढायला सांगा. मोठा निळा देह, हसरं तोंड आणि डोक्यातून उसळणारं कारंजं, असं चित्र हमखास मिळेल. तोंडाने घेतलेलं पाणी देवमासा डोक्यातून बाहेर फेकतो, असं बऱ्याच मोठ्या माणसांनाही वाटतं. खरं तर ते कारंजं म्हणजे त्याचा श्वास असतो. देवमाशाचं नाक डोक्यावर असतं, आणि त्याची श्वासाची वाट तोंडापासून वेगळी असते. तोंडातलं पाणी नाकातून येण्याचा प्रश्नच नाही.

हा श्वास पाहायला बोटीत बसावंच लागतं असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहराच्या कडेला केप सोलँडर, नॉर्थ हेड, बॅरनजोई अशी खडकाळ टोकं समुद्रात घुसली आहेत. अंटार्क्टिकाच्या समुद्रात क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जीवांवर पोसलेले हंपबॅक देवमासे मेपासून उत्तरेच्या उबदार पाण्याकडे निघतात आणि नोव्हेंबरपर्यंत पिल्लांसह परततात. पूर्व किनाऱ्यालगत एक जोरदार प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. उत्तरेला जाताना तो अंगावर येऊ नये म्हणून ते किनाऱ्याच्या जवळून जातात, आणि नेमके तेव्हाच कड्यावरून छान दिसतात.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो. विश्रांतीच्या वेळी आपण एका श्वासात फुप्फुसातली जेमतेम दहा-पंधरा टक्के हवा बदलतो. देवमासा ऐंशी-नव्वद टक्के बदलतो, तीही एक-दोन सेकंदांत. ही हवा त्याच्या शरीराइतकीच गरम, म्हणजे सुमारे ३६ अंश सेल्सिअस असते, आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असते. शाळेत शिकलेली बाष्पधारण क्षमता आठवा. ३६ अंशांना एक घनमीटर हवेत साधारण ४२ ग्रॅम बाष्प मावतं, १५ अंशांना फक्त १३ ग्रॅम. हिवाळ्यातल्या समुद्रावर हा उच्छ्वास बाहेर पडला की दवबिंदू तापमानाखाली जातो. तो पूर्ण १५ अंशांपर्यंत थंडावला, तर दर घनमीटरमागे जवळजवळ २९ ग्रॅम बाष्पाचे थेंब व्हायला हवेत. म्हणजे सहा छोटे चमचे पाणी. पण ते असंख्य सूक्ष्म थेंबांत विखुरतं, प्रत्येक थेंब सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच पसरवतो, आणि म्हणून फवारा ढगासारखा पांढरा दिसतो. थंडीत आपल्या तोंडातून निघणाऱ्या वाफेचंही हेच.

पण मग उबदार समुद्रातही फवारा का दिसतो? तिथे हवा फारशी थंड नसते, त्यामुळे एकट्या संघननाने हिशेब जुळत नाही. श्वासरंध्रांभोवती साचलेलं थोडं समुद्राचं पाणी आणि श्वसनमार्गातला ओलावा उच्छ्वासाच्या जोराने फुटून बारीक तुषार होतात. फवाऱ्यात हे दोन्ही मिसळलेलं असतं: थंड होऊन जमलेली वाफ आणि फुटलेले तुषार. कुठे कोणता वाटा जास्त, ते तिथली हवा ठरवते.

या तुषारांसोबत देवमाशाच्या शरीरातलंही काही बाहेर येतं. सिडनीतल्या मॅक्वेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यासाठी जलरोधक ड्रोनवर पेट्री डिश, म्हणजे प्रयोगशाळेतली झाकणाची चपटी बशी, बसवली. तिचं झाकण फवाऱ्यात शिरण्याच्या क्षणी उघडतं आणि मग मिटतं. त्यातून जिवंत, पोहत्या प्राण्याच्या श्वसनमार्गातले जीवाणू आणि विषाणू तपासता येतात. एकेकाळी देवमाशाच्या शरीराचा अभ्यास बहुतेक मारलेल्या प्राण्यांवरच व्हायचा.

मारलेल्या प्राण्यांची कमतरता नव्हती. याच किनाऱ्यावर टँगलूमा आणि बायरन बे इथे १९५० च्या दशकात शिकारकेंद्रं उभी राहिली आणि १९६२ मध्ये देवमासे उरले नाहीत म्हणून बंद पडली. १९६३ मध्ये दक्षिण गोलार्धात हंपबॅकच्या शिकारीवर बंदी आली, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर काही शेच उरले होते. आज त्यांची संख्या चाळीस हजारांच्या वर मानली जाते, आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने हंपबॅकला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून काढलं. हे आकडे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

देवमाशाने उडी मारली की भूकंप येणार, किंवा तो माणसांचे आभार मानतोय, असे व्हिडिओ फिरत असतात. दोन्हींना काहीही आधार नाही. त्या धडाक्याचा आवाज पाण्यातून दूर जातो, आणि दूरच्या कळपांना निरोप देण्याचा तो एक मार्ग असावा, असं अभ्यासकांना वाटतं.

कड्याचा फायदा भूमितीतून येतो. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ ३.५७ ने गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळेल. वाळूवर उभं राहिलं तर साडेचार-पाच किलोमीटर, तीस मीटरच्या कड्यावर जवळजवळ वीस. बोटींना मोठ्या देवमाशापासून १०० मीटर आणि पिल्लू असलं तर ३०० मीटर दूर राहावं लागतं, कड्यावरून मात्र त्याला कसलाच त्रास होत नाही. वारा कमी असलेला दिवस निवडा, कारण फेसाळ लाटांत फवारा हरवतो. किनारा पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो आणि पाण्यावरची चकाकी कमी होते.

फवारा दिसला आणि देवमासा बुडाला की नजर तिथेच खिळवून ठेवू नका. तो तासाला सहा-सात किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे दहा मिनिटांत एक किलोमीटर. जूनमध्ये दुर्बीण तेवढी उत्तरेकडे, डावीकडे सरकवा.