डॅकवर ४८ दिसतंय, गाणं मात्र ४४.१ चं

डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲनालॉग आवाज करणारा डबा, यूएसबीला जोडला, गाणं वाजलं, म्हणजे काम झालं असं बहुतेकांना वाटतं. आता सीडीवरून उतरवलेलं एखादं गाणं लावा आणि डॅकच्या डिस्प्लेकडे बघा. तिथे ४४.१ किलोहर्ट्झऐवजी ४८ दिसत असेल, तर मधे विंडोजचा मिक्सर बसलाय. सगळ्या प्रोग्रॅम्सचे आवाज एकत्र करायचे तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) हा आकडा, एकच हवा. म्हणून तो दर १४७ सॅम्पलवरून १६० नवी सॅम्पल गणिताने बनवतो आणि त्यातलं एकच मूळच्या जागी पडतं. फरक कानाला कळेलच असं नाही, पण टाळता येत असेल तर हा खटाटोप हवा कशाला?

फूबार२००० या विंडोजवरच्या म्युझिक प्लेअरमध्ये फाइल, प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट असं जा. डिव्हाइसच्या यादीत डॅकच्या नावापुढे 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलेली नोंद निवडा, म्हणजे मिक्सरला वगळून डॅक एकट्या फूबारच्या ताब्यात जातो. बिट्स २४ ठेवा. १६ बिटांच्या गाण्याला मागे आठ शून्यं लागतात, बिघडत काही नाही. डीएसपी मॅनेजरमध्ये (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोडण्यांची यादी) रीसॅम्पलर किंवा इक्वलायझर असेल तर काढा. डिव्हाइस वापरात असल्याची तक्रार आली, तर दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने डॅक धरून ठेवलाय. गाणं चालू असताना ब्राउझर मुका होईल. तो बिघाड नव्हे, एक्सक्लुझिव्हचा अर्थच तो.

खरी गंमत पुढे आहे. हाय-स्पीड यूएसबीवर सेकंदाला ८,००० ठोके पडतात आणि दर ठोक्याला सॅम्पलचा एक गठ्ठा जातो. ४४,१०० ला ८,००० ने भागलं की येतात ५.५१२५. अर्धं सॅम्पल पाठवता येत नाही, म्हणून कधी ५ जातात, कधी ६. आता कॉम्प्युटरचं घड्याळ आणि डॅकमधला क्रिस्टल (त्याचं स्वतःचं घड्याळ) यांत दहा लाखांत ५० चा फरक धरा. तासाभरात जवळजवळ ७,९०० सॅम्पलची तफावत पडते. म्हणजे डॅकचा छोटा बफर, आलेली सॅम्पल तात्पुरती साठवायची जागा, केव्हातरी भरून वाहणार किंवा कोरडा पडणार, आणि 'टक्' ऐकू येणार. असिंक्रोनस, म्हणजे स्वतःच्या घड्याळावर चालणारा, डॅक यावर कॉम्प्युटरला उलटा निरोप धाडतो: ५.५१२५ नको, ५.५१२८ च्या हिशोबाने पाठव. वेळ ठरवतो डॅक, कॉम्प्युटर फक्त पुरवठा करतो. ४४.१ आणि ४८ च्या पटींसाठी चांगल्या डॅकमध्ये २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन वेगळे क्रिस्टल असतात. मिक्सरने सगळंच ४८ केलं, तर त्यातला पहिला नुसता बसून राहतो.

म्हणूनच महागड्या यूएसबी केबलने आवाजात 'ऊब' येते हा दावा हास्यास्पद आहे. केबल खराब असली तर पॅकेट फुटतं, ऑडिओत ते पुन्हा मागवलं जात नाही आणि खरखर किंवा खंड ऐकू येतो. बास वाढत नाही! अशा वेळी आधी हब काढून थेट पोर्टला जोडा, मग बफर वाढवून बघा.

डॅक ९६ च्या वर जातच नसेल, तर तो बहुधा जुन्या यूएसबी ऑडिओ १ मोडमध्ये आहे. तिथे दर मिलिसेकंदाला जास्तीत जास्त १,०२३ बाइट मावतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, स्टीरिओला १,१५२ लागतात.

एक्सक्लुझिव्ह लावल्यावर विंडोजची व्हॉल्यूमपट्टी बऱ्याचदा निकामी होते आणि पहिलं गाणं पूर्ण जोरात सुटतं. तेव्हा आधी ॲम्प्लिफायर खाली आणा, मग प्ले दाबा.