सुट्टीवरचा जवान आणि कूलरची घरघर

नागपूरजवळच्या कामठीत आमच्या गल्लीतला एक जवान मे महिन्यात सुट्टीवर आला. बर्फातल्या चौकीवरून थेट ४५ अंशांत. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेल्या. बायकोला त्या घरघरीशिवाय झोप येत नाही, आणि त्याला त्या घरघरीत डोळा लागेना. रात्रीतून दोनदा त्याने कूलर बंद केला, दोनदा तिने सुरू केला. तिसऱ्या दिवशी वहिनी ओट्यावर बसून म्हणाल्या, "घरात पाहुणा आल्यासारखं वाटून राहिलं बाप्पा. सहा महिने वाट पाहिली, ती याचीच का?"

कामठी १८२१ पासून छावणीचं गाव, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचं सेंटरही इथलंच. पांढऱ्या अक्षरांत नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक आणि तिच्यामागून चालणारी बाई, हे स्टेशनवरचं दृश्य आम्ही लहानपणापासून पाहत आलोय. निरोप तेवढा जड, भेट म्हणजे आनंदीआनंद, असं मलाही वाटायचं.

वहिनींच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर एका मुठीएवढ्या प्राण्याकडे आहे. प्रेअरी व्होल हा उत्तर अमेरिकेतल्या गवताळ भागातला उंदराचा भाऊबंद. सस्तन प्राण्यांत जोडी धरून राहणारे फार थोडे, त्यातला हा एक. बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी या प्राण्यांच्या मेंदूत बारीक प्रकाशतंतू बसवून डोपामाइन कधी आणि किती स्रवतं ते मोजलं. निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आले. दाराआड जोडीदार असेल, तर दार उघडायला खटका दाबताना डोपामाइन उसळायचं. आड परका व्होल असेल, तर पुष्कळ कमी. डोपामाइनला आनंदाचं रसायन म्हणतात ते अर्धवट आहे. ते ओढीचं रसायन आहे, धडपड करायला लावणारं.

मग जोड्या चार आठवडे वेगळ्या ठेवल्या. पुन्हा भेटवल्यावर व्होलनी आपला जोडीदार ओळखला, पण डोपामाइनची ती खास उसळी गेली होती. ओळख शाबूत, ओढ मावळलेली! जेमतेम वर्ष-दोन वर्षं जगणाऱ्या प्राण्यासाठी चार आठवडे म्हणजे फार मोठा काळ, आणि व्होलकडे ना फोन, ना लग्नाचा अल्बम. तेव्हा हे जसंच्या तसं माणसाला लावू नये. पण 'माणूस तोच, मग आतून काही हलत का नाही?' हा प्रश्न पडला म्हणजे प्रेम आटलं, असं समजायचं कारण नाही. ओढीला पुन्हा पेटायला सहवास लागतो. (ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचं संप्रेरक' म्हणणारे लेखही जपून वाचा. ज्यांच्या शरीरात ऑक्सिटोसिन झेलणारे पेशींवरचे ग्राहीच नव्हते, अशा व्होलनीही जोड्या बांधल्याचं २०२३ मध्ये दिसलं.)

कूलरचं कोडं वेगळं. पहाऱ्यावर बारीकशा आवाजावर जीव टांगलेला असतो. धोका हुंगणारा अमिग्डाला हा मेंदूचा भाग नुसतं गाव बदललं म्हणून ड्युटी सोडत नाही. घरघर बाकीचे सगळे आवाज झाकते. माझ्या मते, म्हणूनच तिला त्यात शांत वाटतं आणि म्हणूनच त्याला अस्वस्थ.

इकडे तिचीही सहा महिने एक ड्युटीच चाललेली असते. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांच्या २००६ च्या प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून घोट्याला विजेचा सौम्य झटका बसेल अशी धास्ती दिली. नवऱ्याने हात धरला की मेंदूतली धोक्याची हालचाल उतरायची. परक्या माणसाच्या हातानेही उतरायची, पण कमी. आणि नातं जितकं चांगलं तितका उतार जास्त. फील्ड पोस्टिंगमध्ये हा हातच हजार-दीड हजार किलोमीटरवर असतो.

मग उरतं पत्र आणि फोन. अमेरिकी जवानांच्या २०११ मधल्या एका अभ्यासात, संसार सुखाचा असेल तर पत्रं-ईमेल जास्त येणाऱ्यांत युद्धाघाताची (पीटीएसडी) लक्षणं कमी आढळली. फोनचा तसा संबंध दिसला नाही. पत्र उशाशी ठेवून पुन्हा वाचता येतं, हे कारण असेल का? '५६ एपीओ' या फौजी टपालाच्या पत्त्यावर निळी अंतर्देशीय पत्रं टाकणाऱ्या आमच्या आज्यांना विचारायला हवं होतं.

कॅथलीन लोगन यांनी १९८७ मध्ये अमेरिकी नौसैनिकांच्या पत्नींच्या अनुभवावरून निरोप, विरह आणि भेट या चक्राचे सात टप्पे मांडले. त्यातला दुसरा मला सर्वांत खरा वाटतो: निघायच्या आदल्या आठवड्यात दोघंही मनाने आधीच दूर सरकतात, आणि चिडचिड वाढते. रागावून निरोप देणं रडून देण्यापेक्षा सोपं जातं.

त्या जवानाला सुट्टीच्या शेवटी कूलरमध्ये गाढ झोप लागू लागली होती. मग एका संध्याकाळी पलंगाखालून ट्रंक बाहेर आली. त्या रात्री भिंतीपलीकडून मोठमोठ्याने ऐकू येत होतं: कूलरमध्ये पाणी भरायचं आज कोणाच्या वाट्याला होतं.